किती हुकांचं?

बेळगावच्या खडेबाजारात जुन्या मोबाइलचे सुटे भाग विकणारं एक अरुंद दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात सोल्डरिंगसाठी बारीक टोकाचा बिट मागायला मी तिथं उभी होते. छत्रीचं पाणी चपलेवर ठिबकत होतं आणि आत फ्लक्सचा तो ओळखीचा, घशाला किंचित बोचणारा धूर भरला होता. बिट नेमका कशासाठी हवाय हे दाखवायला मी पिशवीतून निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा जुना गेम बॉय ॲडव्हान्स एसपी बाहेर काढला. काउंटरवरच्या पोरानं तो हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्या बिजागरीचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो एकदा ऐकला की कुणालाही परत मिटून बघावंसं वाटतंच. “किती गेम हायत ह्यात, अक्का?” म्हटलं, “एकही नाही. मी करणार आहे.” त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्या डबीकडं. “मग फोनवरच करा की. एवढं जुनं कशाला घेऊन बसलाय?”

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचावेत अशीच त्याची धडपड होती, कारण लगेच त्यानं मागच्या कपाटातून एक चिनी हँडहेल्ड काढून दाखवला. नवाकोरा, चकचकीत पडद्याचा, हजारो गेम आधीच भरलेला. तो विकण्यात त्याचा फायदा होता, पण फोनवर कर म्हणण्यात तर कसलाच नव्हता, म्हणून तेच वाक्य जास्त लागलं. मी “बघू” म्हणून बिट घेतला आणि निघाले. रिक्षा शहापूरच्या वाटेला लागली तरी मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते. उत्तरं पुष्कळ सुचत होती आणि सगळी खोटी वाटत होती. जुन्या काळाची ओढ? लहानपणी आमच्या गल्लीत हे यंत्र कुणाकडंच नव्हतं, मग ओढ कसली. हौस? हौस फोनवरही भागते.

आणि खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न बरोबरच होता.

ह्या छंदाला होमब्रू म्हणतात. कंपनीनं ज्या यंत्रासाठी गेम करायची मुभा ठरावीक स्टुडिओंनाच दिली होती, त्याच यंत्रासाठी आपण घरी बसून, रात्रीची भांडी आवरल्यावर, आपला गेम लिहायचा. ह्यात पडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा एकच खिंड लागते: यंत्र कुठलं? त्यावर बोलणारी माणसं बहुतेक वेळा वेगाची भाषा बोलतात. किती मेगाहर्ट्झ, किती रॅम, किती रंग, ह्यावर तो भारी की तो. मी दिवसा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये ड्रॉइंग करते, त्यामुळं आकड्यांचं मला वावडं नाही. पण तो तक्ता समोर ठेवून निर्णय काही होईना. सगळीच यंत्रं कशात ना कशात भारी होती. मग एका रविवारी माळ्यावरून बाबांची ट्रंक काढली. ट्रंक काढली ती खरं तर वाळवी बघायला.

बाबा शहापूर-वडगावच्या मागवाल्यांसाठी साडीच्या काठाची नक्षी काढायचे. विणायचे नाहीत, फक्त काढायचे. मोठ्या चौकटीच्या ग्राफ कागदावर लाल पेन्सिलीनं एकेक चौकोन भरत जायचे. कोयरी, मोर, रुईफूल, सगळं चौकोनांतच. भरलेला चौकोन म्हणजे तिथं उभा दोरा वर येणार, रिकामा म्हणजे खाली राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडत, पत्ते दोऱ्यानं एकमेकांना शिवून लांबलचक माळ होई आणि ती मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढे. पत्त्याला भोक असेल तर सुई आत जाते आणि तिचा हुक वर उचलला जातो, भोक नसेल तर हुक जागेवरच. इतका साधा कारभार, पण त्यातून पदरावर मोर नाचायचा. नवीन कुणी नक्षी मागायला आलं की बाबा चहा विचारायच्या आधी एकच विचारायचे, “किती हुकांचं हाय?” समोरचा कौतुकानं सांगत असायचा, मोर असा पाहिजे, पिसारा तसा पाहिजे. बाबा मान हलवायचे आणि परत तेच. १२० हुकांचं जेकार्ड असेल तर मोर एक, २४० असेल तर मोर दुसरा. हुक कळल्याशिवाय पेन्सिलीला टोकसुद्धा काढायचे नाहीत.

एकदा गणपतीत मामानं मला ब्रिक गेम आणला होता. नव्वदीत प्रत्येक जत्रेत मिळायचा तो, पाठीवर ९९९९ गेम असं छापलेला, आणि आत खरे गेम मोजून एका हाताच्या बोटांवर मावायचे. मी दिवसभर ठोकळे पाडत बसले. संध्याकाळी बाबांनी तो मागून घेतला. मला वाटलं खेळणार. ते चष्मा वर सरकवून उजेडाकडं तिरका धरून बघत बसले. मग म्हणाले, “आडवी धा घरं, उभी ईस.” एवढंच. यंत्र माझ्या हातात परत दिलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या कागदाच्या कोपऱ्यात दहा बाय वीसच्या चौकटीत एक इवलासा हत्ती काढलेला मला सापडला. सोंड एका चौकोनाची, आणि तरी हत्तीच. ब्रिक गेमच्या पडद्याला हत्ती दाखवता येत नव्हता, कारण त्याचं पोट आधीच शिवून बंद केलेलं. तो कागद ट्रंकेत नव्हता. वाळवीही नव्हती. पण मला काय विचारायचंय ते कळलं.

माझ्या गेममधला मोर कोण, हे ठरवायला फार वेळ लागला नाही. दिवाळीचा किल्ला. आमच्याकडं गल्लोगल्ली पोरं किल्ला करतात, त्या किल्ल्याचाच खेळ: माती आणायची, दगड रचायचे, बुरूज उभे करायचे, हळीव पेरायचं, आणि रात्री पाऊस आला तर पोत्यानं झाकायला धावायचं. दिवाळीतही पाऊस येतो बेळगावात, त्यात नवल नाही. खेळायला बसणार माझी भाची. ती पाचवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, कन्नड विषय म्हणून, मराठी घरात. बोलते फाडफाड, भांडते तर अस्सल शहापुरी, पण वाचताना मराठीच्या अक्षराला अक्षर जोडत जाते, दुकानाच्या पाट्या बसमधून जाताना अर्ध्याच वाचून होतात. तिच्या आईला ह्याचं वाईट वाटतं, मला कधी वाटतं, कधी वाटत नाही. ती कन्नड माझ्यापेक्षा स्वच्छ लिहिते, आणि ते मला आवडतं. पण माझ्या किल्ल्यात ‘माती आण’ हे मराठीतच लिहिलेलं असणार, इंग्रजी लिपीत मराठी नाही, नीट काना-मात्रा-वेलांटी असलेलं. एवढं एक ठरलं आणि यंत्रांची यादी भराभर गळायला लागली.

पहिला गेला १९८९चा गेम बॉय. त्याच्यावर माझा जीव होता. ८ किलोबाइट रॅम, ४.१९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, करड्या-हिरव्या चार छटा. सगळं यंत्र एका वहीच्या दोन पानांत लिहून काढता येतं. त्याच्यासाठी गेम करायला आज साधनंही सोपी आहेत, जीबी स्टुडिओ घेतला तर एक ओळ कोड न लिहिता गेम उभा राहतो. पण त्याचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि तो भरायचा आठ बाय आठच्या फरश्यांनी. आडव्या २०, उभ्या १८, म्हणजे पडदाभर ३६० फरश्या. आणि एका वेळी पार्श्वभूमीसाठी वेगवेगळ्या फरश्या मिळतात फक्त २५६. इंग्रजीला हे खुशाल पुरतं. लहान-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं मिळून शंभरात काम होतं, एकेक अक्षर एकेका फरशीत बसतं आणि तीच फरशी परत परत वापरायची. मराठीचं तसं नाही. आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेघ बसवली की वर वेलांटीला जागा नाही आणि खाली उकाराला नाही. मी प्रयत्न म्हणून ‘घर’ काढलं. ते ‘धर’ दिसत होतं. घ आणि ध ह्यांच्यात डोक्यावरच्या रेघेतल्या फटीचा आणि एका गाठीचा फरक; आठ ठिपक्यांत गाठ मावत नाही आणि फट काढली तर अक्षर मोडकं दिसतं. भ आणि म ह्यांची तीच गत.

सोळा ठिपके उंची धरली तर अक्षर सुटसुटीत येतं. मग रुंदी. ‘र’ बारीक, ‘क्ष’ ऐसपैस, त्यात काना पुढं, वेलांटी कधी मागं कधी पुढं. आठच्या साच्यात एकेक अक्षर कोंबायचं सोडून द्यावं लागतं आणि ओळ कोऱ्या फरश्यांवर ठिपका-ठिपका करून रंगवावी लागते. तशी रंगवली की प्रत्येक फरशी वेगळी, परत वापरता येत नाही. आणि इथं ३६० विरुद्ध २५६ हा हिशेब आडवा येतो. पडद्याच्या तळाला दोन ओळींची चौकट करून गेम बॉयवरही मराठी लिहिता येतं, नाही असं नाही. पडदा अर्धा उमटल्यावर मध्येच फरश्यांचा संच बदलायची एक युक्तीही आहे. पण मला किल्ल्यातल्या मावळ्याच्या हातात पानभर मजकुराचं पत्र द्यायचं होतं. युक्तीवर युक्ती लढवत पत्र लिहायचं माझ्या जिवावर आलं.

गेम बॉय ॲडव्हान्स २००१चा. पडदा २४० बाय १६०. आडव्या ३०, उभ्या २०, म्हणजे पडदाभर फरश्या ६००. आणि पार्श्वभूमीच्या नकाशात वेगवेगळ्या फरश्या मावतात १०२४ पर्यंत. ६००ला १०२४ पुरून उरतात. सोळा रंगांची एक फरशी ३२ बाइटची, तर अख्ख्या पडद्याचं लिखाण १९,२०० बाइटमध्ये, म्हणजे चित्रांसाठी दिलेल्या ९६ किलोबाइट मेमरीच्या जेमतेम एक पंचमांशात. प्रोसेसर १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम, ३२ बिटांचा, सी भाषेत लिहिलेलं निमूट चालवतो. मी कागदावर हा गुणाकार केला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि शेजारच्या मागाचा आवाज नुकताच बंद झाला होता. आडवे २४०. बाबांच्या मोठ्या जेकार्डाचे हुक २४०. योगायोगच आहे, त्यात काही अर्थ काढू नये हे मला कळतं. तरी मी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

ह्याच्या पुढची यंत्रं मी टाळली ह्याचं एका मित्राला फार नवल वाटलं. तो पुण्यात असतो, त्यानंच मला हा एसपी मिळवून दिला, पण त्याचा आग्रह निन्टेन्डो डीएसचा होता. २००४चं यंत्र, दोन पडदे, एकावर किल्ला आणि एकावर मजकूर. खालच्या पडद्यावर पेननं लिहिता येतं, म्हणजे पोरगी अक्षर गिरवेल, त्याहून काय पाहिजे? त्याचं म्हणणं बिनतोड होतं. नेमकं तेच मला नको होतं. गिरवायला लावलं की तो खेळ राहत नाही, शाळेची वही होते, आणि भाची इतकी चाणाक्ष आहे की तिसऱ्या अक्षराला डाव ओळखेल. तिला किल्ला बांधायचाय म्हणून तिनं वाचावं. वाचायचंय म्हणून किल्ला बांधू नये. बाकी डीएसमध्ये दोन प्रोसेसर आहेत, एकानं दुसऱ्याला निरोप द्यायचा, ही कटकट तयार लायब्ररी सांभाळते. अडचण ती नव्हतीच. सोनीच्या पीएसपीचं निराळं. ४८० बाय २७२चा पडदा, त्यावर देवनागरी छापल्यासारखी दिसते. पण तिथं आपला प्रोग्रॅम चालवायचा तर आधी यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर बदलून घ्यावं लागतं, आणि मग आपण एका ऑपरेटिंग सिस्टिमचे पाहुणे. इतकी मोकळी जागा मिळाली की मी काय करते ते मला माहीत आहे. किल्ल्याला हत्तीखाना सुचतो, मग अंबारी, आणि दिवाळी उलटून जाते.

मोह पडला तो प्लेडेटचा. २०२२चं पिवळंधमक यंत्र, बाजूला फिरवायची एक दांडी, ४०० बाय २४०चा पडदा, रंग दोनच, काळा आणि पांढरा. त्यावर गेम करायची साधनं कंपनी स्वतःच फुकट देते. बाबा असते तर हेच घे म्हणाले असते, भरलेला चौकोन आणि रिकामा चौकोन, तिसरं काही नाही. पण त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. आणि इथं बेळगावचा पाऊस मध्ये येतो. जून लागला की आमच्या घरात दुपारी दोनलाही दिवा लावावा लागतो. कौलांवर सूर धरून पाऊस पडत राहतो, अंगण काळवंडतं, भिंतींना ओल येते, आणि बाहेरच्या उजेडावर चालणारा पडदा म्हणजे राखाडी पाटी. २००१चा मूळ ॲडव्हान्सही असाच, खिडकीपाशी मान वाकडी करून खेळावा लागणारा. २००३च्या एसपीला पुढून दिवा आला, २००५च्या सुधारित मॉडेलला मागून. माझ्याकडचा आधीचा, पुढून दिव्याचा. त्याचा उजेड कडेकडेनं पसरतो आणि रंग फिकट करतो. खानापूरकडच्या लाल मातीसाठी मी निवडलेला रंग लॅपटॉपवर झकास होता, एसपीवर तो गुलाबीकडं झुकला. मग लाल गडद केला, त्यात पिवळा घातला, पुन्हा यंत्रावर बघितला. इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर ह्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, कितीही अचूक असला तरी आपला प्रोग्रॅम कुठल्या पडद्यावर कसा फिका पडतो हे तो सांगत नाही. खरं यंत्र हातात पाहिजे ते ह्यासाठी. आणि बटणांसाठी, अंगठ्याखाली बटण दबल्याचं अंगठ्यालाच कळलं पाहिजे, फोनच्या काचेवर अंगठा ठेवला की निम्मा बुरूज अंगठ्याखाली जातो.

आता दुकानातल्या पोराचं ऐका. ह्या यंत्रासाठी केलेली फाइल फोनवरच्या इम्युलेटरमध्ये चालते. त्याच्या कपाटातल्या त्या चिनी हँडहेल्डवरही चालते. म्हणजे जुनं यंत्र निवडून मी फोन नाकारला नव्हता, उलट सगळ्यांत खालची पायरी धरली की वरच्या पायऱ्या आपोआप मिळत होत्या. हे उत्तर त्या दिवशी मला सुचलं असतं तर काउंटरवर बरी छाप पडली असती.

प्रोग्रॅम यंत्रात घालायचा कसा, ह्यावर मात्र मी जरा हट्टीपणा केला. सरळ रस्ता म्हणजे यंत्रात खोचायची, परत परत लिहिता येणारी कार्ट्रिज, मायक्रोएसडी कार्ड घेणारी. ती घेतली की विषय संपतो. पण ॲडव्हान्समध्ये एक छुपी सोय आहे. स्टार्ट आणि सिलेक्ट दाबून धरून यंत्र चालू केलं की ते कार्ट्रिजकडं बघतच नाही, दोन यंत्रं जोडायच्या केबलवरून कुणी काही पाठवतंय का ह्याची वाट बघत बसतं. एकाच कार्ट्रिजवर चौघांना खेळता यावं म्हणून केलेली ही सोय. त्या वाटेनं २५६ किलोबाइटपर्यंतचा प्रोग्रॅम थेट मेमरीत उतरवता येतो, यंत्र बंद केलं की गायब. केबल कापून तिच्या तारा रास्पबेरी पाय ह्या छोट्या संगणकाला जोडायच्या, दोघांचीही कामाची पातळी ३.३ व्होल्ट, त्यामुळं जमतं. साध्या आर्डुइनो उनो बोर्डाचे पाच व्होल्ट इथं थेट देऊन चालत नाही. तो बारीक बिट ह्या तारांसाठी हवा होता. केसाएवढ्या तारा, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि कुठला रंग कुठल्या पिनचा हे केबल बनवणाऱ्याच्या मर्जीवर, म्हणून एकेक मल्टिमीटरनं वाजवून बघायची. आईनं कोपऱ्यातून विचारलं, “काय करालीस गं, वास कसला येतोय?” म्हटलं, “गेम.” तिनं खिडकी उघडली.

२५६ किलोबाइटची ही मर्यादा मला मनापासून आवडली. किल्ला, मावळे, नगाऱ्याचा आवाज, पत्र, सगळं त्यात. मराठी अक्षरांचा साठा त्यातच. यंत्राला आपली लिपी कळत नाही, तिथं जोडाक्षर जुळवून देणारं कुणी नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी क टंकतो, मग वेलांटी, पण काढायची वेलांटी आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. हा सगळा विचार मी लॅपटॉपवरच एका छोट्या पायथन स्क्रिप्टकडून करून घेते आणि यंत्राला फक्त तुकड्यांची यादी देते: हा तुकडा इथं, तो तुकडा तिथं. अर्धा क, पूर्ण ष, काना, मात्रा, उकार असे तुकडे मी स्वतः काढले, ग्राफ कागदावर, लाल पेन्सिलीनं. सगळ्यांत चांगली गोष्ट शिरोरेघेनं झाली. सुरुवातीला प्रत्येक तुकड्याला त्याची त्याची रेघ काढली होती, तर जोडावर कुठं फट पडे, कुठं रेघ दुहेरी होई. मग सगळ्या तुकड्यांच्या रेघा पुसून टाकल्या. आता यंत्र आधी अख्खा शब्द बिनडोक्याचा लिहितं आणि मग त्यावर एका झटक्यात रेघ ओढतं, पहिलीत आम्हाला बाई सांगायच्या तसं. फक्त ध, भ, थ आले की तेवढ्यापुरती रेघ उचलायची. गती जरा कमी केली की हे घडताना डोळ्यांना दिसतं. मी ती कमीच ठेवली आहे.

ह्यात एक गंमत आहे. ह्या यंत्राच्या चित्रांच्या मेमरीत एकटा बाइट लिहिता येत नाही. लिहिला की तोच बाइट शेजारच्या घरातही उमटतो. लिहायचं तर जोडीनंच, दोन-दोन बाइट. पानाच्या पहिल्या चाचणीत ‘बुरूज’च्या प्रत्येक उभ्या रेघेशेजारी दोन ठिपक्यांवर तिचीच जोडीदारीण उभी होती. हे नियमपत्रकात लिहिलेलं असतं, टॉन्क नावाचं जे मार्गदर्शन ह्या छंदातले सगळेच वाचतात त्यात ठळक सांगितलेलं आहे. पण वाचणं वेगळं आणि आपल्या लिपीत ते बघणं वेगळं. बाबांच्या कागदावर चुकीचा चौकोन भरला गेला की साडीच्या अख्ख्या काठावर ती चूक हातभर अंतरानं उमटत जायची, म्हणून पत्ते पाडायच्या आधी ते बोट ठेवून ठेवून घरं मोजायचे. मी आता बाइट मोजते, बोट ठेवूनच.

आणि तरी, बाकीच्यांनी हेच यंत्र घ्यावं असं मी म्हणणार नाही. एसपीला हेडफोनचं भोक नाही, आवाज ऐकत बसायचं तर अडॅप्टर लागतो. लिथियम बॅटरी जुनी झाली की फुगते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. ज्याला अक्षरांची गरजच नाही, नुसतं धावायचं आणि उड्या मारायच्यात, त्यानं बिनदिक्कत गेम बॉय घ्यावा. ते यंत्र डोक्यात मावतं, रात्री झोपेतसुद्धा. ज्याला गोष्ट सांगायचीये आणि पडदे दोन हवेत त्यानं डीएस घ्यावा, फक्त विकत घेताना बिजागरीला चीर नाही ना ते बघून. माझ्या मित्रासारखी माणसं मग विचारतात, सगळ्यांत चांगलं कुठलं? हा प्रश्न माझ्या कानाला आता विचित्र लागतो. मोर कसला हे आधी सांग की.

गेल्या आठवड्यात भाचीनं पहिल्यांदा पानभर पत्र वाचलं. किल्लेदारानं मावळ्याला धाडलेलं, दहा ओळींचं, १६० भागिले १६. तिला ओळी मोजायची गरज नव्हती, तिनं अडखळत, जीभ दातांत धरून, शेवटपर्यंत वाचलं, आणि वाचून झाल्यावर कौतुकाची वाट न बघता दगड आणायला निघून गेली. मला एकीकडं बरं वाटलं, दुसरीकडं थोडी निराशाही झाली. इतक्या रात्री खर्चून रंगवलेल्या अक्षरांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. अर्थात, चांगल्या अक्षराचं कामच ते.

मग ती तिच्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण आमच्याच गल्लीत राहते, घरी कन्नड, आमच्याशी मराठी, दरवर्षी किल्ल्याच्या मातीत हिच्याइतकीच बरबटलेली. तिनं पत्र बघितलं आणि भाचीकडं बघितलं. भाचीनं ते तिला वाचून दाखवलं, मध्ये मध्ये कन्नडमध्ये समजावत. मग दोघी माझ्याकडं वळल्या. “मावशी, हिचं पण घाल की ह्यात.” मी आधी ‘बघू’ म्हटलं. रात्री कागद घेऊन बसले. कन्नडला शिरोरेघ नाही, ते काम वाचलं. पण जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पायाशी लटकतं, ओत्ताक्षर, आणि ते सोळा ठिपक्यांत बसत नाही. बसवलं तर खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतं. वीस ठिपके पाहिजेत. दोन लिप्यांना दोन उंच्या ठेवता येतील, पण मग भाषा बदलली की पत्राचं पान हलतं आणि खालचा शिक्का जागा सोडतो, ते डोळ्यांना खुपतं. मराठीलाही वीसच दिले. १६० भागिले २० म्हणजे आठ ओळी. किल्लेदाराच्या पत्रातल्या दोन ओळी कापायला लागतील. नमस्काराची एक आणि हवापाण्याची एक, तशाही त्या जादाच होत्या.